कल्याणची आनंदीबाई आणि आपली न सांगितलेली दुखणी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे आमच्या चिटणीसबाईंनी मला सुचविले, तेव्हा नाव शोधण्यासाठी मला दूर जावे लागले नाही. आपल्या डोंबिवलीहून गाडीने थोडे पुढे गेले की कल्याण येते. डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्या त्या कल्याणच्या माहेरवाशीण. त्यांचे नाव आपणां सर्वांना ठाऊक आहे. शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा असतो, त्यांच्यावर कादंबरी, नाटक, चित्रपट झाले. पण धड्यात आपण वाचतो ते एवढेच, की त्या पहिल्या स्त्री डॉक्टर झाल्या. त्या डॉक्टर कशासाठी झाल्या, हे मात्र आपल्या ध्यानात राहत नाही. आणि आज मला भगिनींपुढे ठेवावयाचे आहे ते नेमके तेच.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. कल्याणचे गणपतराव जोशी हे त्यांचे वडील व गंगाबाई ह्या आई. माहेरचे नाव यमुना. घराणे एके काळचे संपन्न, पण यमुनेच्या लहानपणी त्याची कळा उतरू लागली होती. कल्याणला आगगाडी येऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. बाहेरचे जग रुळांवरून गावात येत होते, पण घरातील मुलींच्या आयुष्यात त्याने फारसा फरक पडलेला नव्हता. मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की आईबापांच्या जिवाला घोर लागे. यमुनेचे लग्न नवव्या वर्षी, १८७४ साली झाले. नवरदेव गोपाळराव जोशी हे मूळचे संगमनेरचे, पोस्टात नोकरीस, बिजवर आणि वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकविण्यास कोणी आडकाठी करू नये, ही त्यांची अट होती. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळरावांविषयी लिहिताना लेखणी जरा अडखळते. त्यांच्यावाचून आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या, हे खरे. ज्या काळी बायकोच्या हाती पुस्तक दिसले तर शेजारीपाजारी हसत, त्या काळी त्यांनी जिद्दीने तिला मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. परंतु शिकविताना त्यांनी त्या लहान मुलीला मारही दिला, हेही तितकेच खरे; पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी त्या माराची आठवण स्पष्ट शब्दांत दिली आहे. थोरांच्या चरित्रात अशा गोष्टी झाकण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती बरी वाटत नाही. बाईने सोसलेले झाकून ठेवावयाचे, हाच तर आपल्या दुखण्याचा अर्धा भाग आहे.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. त्या काळी बाळंतिणीची खोली अंधारी, कोंदट असे. डॉक्टर असला तरी तो पुरुष, आणि परपुरुषाने बाळंतिणीला तपासणे ही कल्पनाच कोणाला सोसवत नसे. वेळेवर नीट उपचार मिळाले असते तर आपले मूल वाचले असते, असे त्या कोवळ्या आईच्या मनाने घेतले. घरोघरी अशी मुले जात होती व बायका पदर डोळ्यांना लावून पुन्हा चुलीपाशी बसत होत्या. आनंदीबाईही बसल्या असत्या, तर कोणी नाव ठेवले नसते. पण आपण स्वतः वैद्यकी शिकावी, हा विचार तेथे रुजला.

गोपाळरावांची बदली गावोगाव होत गेली. अलिबाग झाले, कोल्हापूर झाले, कच्छभूज झाले, शेवटी कलकत्त्याची बाजू. नवऱ्याबरोबर उघडपणे रस्त्याने चालणाऱ्या, पायात जोडा घालणाऱ्या ह्या बाईकडे लोक टक लावून पाहत. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन पाद्र्याला लिहिलेली पत्रे तिकडच्या एका मासिकात छापून आली होती. १८८० साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तेथे पडलेले मासिक त्यांनी सहज चाळले आणि ती हकीकत वाचली. हिंदुस्थानातील एका अनोळखी मुलीसाठी ह्या बाईचे मन कळवळले व तिने पत्र धाडले. त्यातून स्नेह असा जमला की आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. कलकत्त्यास आनंदीबाईंची प्रकृती बरी नसे. डोकेदुखी, मधूनमधून ताप, कधी धाप लागणे. कार्पेंटर मावशींनी समुद्रापलीकडून औषधे पाठविली, पण गुण आला नाही. पुढच्या साऱ्या चरित्रावर ह्या दुखण्याची सावली आहे.

फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात लोक जमले होते. हे श्रीरामपूर आपले नगरकडचे नव्हे, कलकत्त्याजवळचे. तेथे अठरा वर्षांचीही पुरी न झालेली ही मुलगी उभी राहिली व तिने इंग्रजीतून भाषण केले. अमेरिकेस का जाता, इथे सोय नाही का, एकट्या का जाता, परत आल्यावर जातीने बहिष्कार घातला तर काय कराल, असे जे प्रश्न लोक तिला येता-जाता विचारीत, तेच एकेक घेऊन तिने उत्तरे दिली. तिच्या सांगण्याचे सार असे होते, की ह्या देशात स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे. कारण आपल्या बायका पुरुष डॉक्टरापुढे आपले दुखणे सांगावयास धजत नाहीत, आणि न सांगितलेल्या दुखण्याला औषध नसते. आपण जाऊ तशाच हिंदू म्हणून परत येऊ आणि आपल्याच लोकांत राहू, असेही तिने सांगून टाकले. माझ्या मते आनंदीबाईंच्या चरित्राचा गाभा ह्या भाषणात आहे. पहिली म्हणवून घेण्यासाठी त्या गेल्या नाहीत. बाईला आपले दुखणे सांगता यावे, एवढ्यासाठी त्या गेल्या.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्त्याहून बोट पकडली. पती बरोबर नव्हते. सोबतीला मिशनच्या बायका होत्या. अंगावरचे दागिने विकून भाड्याची तजवीज झाली होती. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा कार्पेंटर मावशी धक्क्यावर उभ्या होत्या. फिलाडेल्फिया शहरात केवळ स्त्रियांसाठी १८५० साली निघालेले वैद्यकीय कॉलेज होते. तेथील प्रमुख रेचेल बॉडली बाईंनी आनंदीबाईंना दाखल करून घेतले व तीन वर्षांसाठी शिष्यवृत्तीची व्यवस्था केली.

तेथील दिवस सुखाचे नव्हते. राहावयास मिळालेल्या खोलीतील शेगडी धुराने खोली भरून टाकी. खिडकी उघडावी तर गारठा, मिटावी तर धूर. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या पडून थंडी बाधे, म्हणून त्यांनी गुजराती धर्तीने पायघोळ साडी नेसावयास सुरुवात केली. मांसाहार करावयाचा नाही हा नेम शेवटपर्यंत पाळला. तशा स्थितीत अभ्यास, शवविच्छेदन, व्याख्याने, सारे काही केले. त्यांच्या बरोबरीने जपानची केई ओकामी व सिरियाची सबात इस्लामबुली ह्या मुली तेथे शिकत होत्या. तिघी आपापल्या देशीच्या पोशाखात एकत्र बसल्या आहेत, असे १८८५ सालचे छायाचित्र पुष्कळ भगिनींनी पाहिले असेल.

पदवीसाठी प्रबंध लिहावयाचा होता. आनंदीबाईंनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. अमेरिकेत बसून, इंग्रजी वैद्यक शिकून, त्यांनी आपल्या जुन्या संस्कृत ग्रंथांतील गर्भिणी व बाळंतीण यांविषयीचे ज्ञान तिकडच्या परीक्षकांपुढे मांडले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली. पंडिता रमाबाई त्या समारंभाला मुद्दाम गेल्या होत्या. गोपाळरावही तोवर तेथे पोहोचले होते. पदवी घेताना आनंदीबाईंना एकविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. म्हणजे ज्या कामासाठी त्या गेल्या होत्या, ते काम त्यांची वाट पाहत होते. पण क्षयाने शरीर पोखरले होते. १६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईस उतरल्या, त्या आजारी अवस्थेतच. ज्यांनी पूर्वी दगड मारले तेच लोक आता फुले घेऊन आले, पण फुलांनी खोकला थांबत नाही. कोल्हापूरचे काम त्यांच्या हातून व्हावयाचे नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांची प्राणज्योत मालवली, वय एकवीस. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे धाडल्या व मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी गावी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. पुढच्याच वर्षी कॅरोलिन डॉल यांनी इंग्रजीत व १८८९ साली काशीबाई कानिटकरांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले.

आनंदीबाईंच्या हातून मायदेशात वैद्यकी झालीच नाही. मग त्यांच्या धडपडीचे फळ काय, असे एखादी भगिनी विचारील. त्याचे उत्तर मागून आलेल्या स्त्रियांच्या आयुष्यात आहे. डॉ. रखमाबाईंचेच पाहा. त्यांचा जन्म नोव्हेंबर १८६४ चा, म्हणजे आनंदीबाईंहून चारच महिन्यांनी मोठ्या. लंडनला शिकून आल्या, सूरत व राजकोट येथे त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे बायकांची सेवा केली आणि १९५५ साली, नव्वद वर्षांच्या होऊन गेल्या. एकीला एकवीस वर्षे, दुसरीला नव्वद. रखमाबाईंनी पन्नाशीनंतरही दहा-पंधरा वर्षे इस्पितळ चालविले. त्या दोघींच्या काळी इतके आयुष्य थोड्याच बायकांच्या वाट्याला येई. आज मात्र ते आपणां बहुतेकींच्या वाट्याला येते, आणि येथेच मला मुख्य गोष्ट बोलावयाची आहे.

आपल्या देशात बाईची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते. पाळी येऊन बारा महिने लोटले म्हणजे ती गेली असे डॉक्टर समजतात. त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षे आपल्याला जगावयाची असतात. एवढा मोठा काळ, पण त्याविषयी आपल्या तोंडून चकार शब्द निघत नाही. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये बायकांच्या डब्यात उभी असलेली एखादी बाई एकाएकी घामाने निथळते, चेहरा लाल होतो. ती पदराने वारा घेते आणि गर्दीला दोष देते. आमच्या इमारतीतील एक बाई दोन वर्षे डिसेंबरातही पंखा लावून, खिडकी उघडी टाकून निजत होत्या. घरच्यांनी त्यांना लहरी ठरविले. त्यांनी स्वतः कोणाला काही सांगितले नाही. झोप न लागणे, उगाच रडू येणे, चिडचिड, अंगाचा कोरडेपणा, खोकताना लघवीचा थेंब सुटणे, हे सारे आपण वयाच्या नावाने खपवितो.

आनंदीबाईंच्या वेळी ह्यावर म्हणण्यासारखे औषध नव्हते. हार्मोन हा शब्दच १९०५ साली जन्मला. बीजकोशात तयार होणारे ईस्ट्रोजेन शास्त्रज्ञांनी १९२९ साली शुद्ध स्वरूपात वेगळे काढले आणि १९४२ पासून अमेरिकेत त्याच्या गोळ्या बाजारात आल्या. १९६० नंतर तर ह्या गोळ्यांनी तारुण्य टिकते असा डंका तिकडे पिटला गेला. १९७५ साली ध्यानात आले, की गर्भाशय असलेल्या बाईने नुसते ईस्ट्रोजेन घेतले तर गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तेव्हापासून त्याला दुसऱ्या हार्मोनची जोड देऊ लागले. पुढे २००२ साली, सोळा हजारांवर बायकांवर चाललेला एक मोठा अभ्यास अमेरिकेत मध्येच थांबविण्यात आला. जोडगोळी घेणाऱ्या दर १०,००० बायकांमागे वर्षाला सुमारे ८ जणींना अधिक स्तनाचा कर्करोग आढळला. पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या, मांडीचे हाड मोडणे मात्र कमी झाले. जगभर बायकांनी घाबरून गोळ्या टाकून दिल्या. पण त्या अभ्यासातील बायकांचे सरासरी वय त्रेसष्ट होते, हे पुढे नीट पाहिले गेले. आज जाणकारांचे मत असे आहे, की साठीच्या आतील, पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या, एरवी निरोगी बाईला वाफांचा व घामाचा फार त्रास असेल, तर हार्मोनपासून तिला तोट्यापेक्षा लाभ अधिक होतो. ज्यांना स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, पक्षाघात, हृदयविकार किंवा यकृताचा गंभीर विकार झाला आहे, त्यांनी मात्र ह्या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी हार्मोनविना दुसरी औषधे आहेत. नुसत्या कोरडेपणासाठी जागच्या जागी लावावयाचे मलम मिळते. त्याचा फारच थोडा अंश रक्तात जातो.

म्हणजे औषध आहे, पण ते सरसकट नव्हे. ज्या त्या बाईची हकीकत ऐकून ते ठरवावे लागते. आणि हकीकत सांगावयाचीच झाली नाही, तर डॉक्टरने ठरवावे कसे? श्रीरामपूरला त्या मुलीने सांगितलेली गोष्ट आज एकशे चाळीस वर्षांनंतरही पुन्हा तेथेच येऊन थांबते.

न बोलण्याची किंमत केवढी असते, याची दोन उदाहरणे देते. माझ्या ओळखीच्या एका बाईंची पाळी जाऊन तीन वर्षे झाली होती, आणि एकाएकी पुन्हा डाग दिसू लागले. सुनेचे बाळंतपण जवळ आलेले. घरात आनंदाचे दिवस, त्यात आपले रडगाणे कशाला, म्हणून आठ महिने त्या गप्प राहिल्या. शेवटी लेकीने कपडे धुताना पाहिले व ओढून नेले. वेळेवर शस्त्रक्रिया झाली म्हणून त्या आज आपल्यांत आहेत. पाळी गेल्यावर एकदा जरी रक्त दिसले, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरकडे गेले पाहिजे, हे प्रत्येकीने मनाशी बांधून ठेवावे.

दुसरे उदाहरण आपल्याच राज्याच्या बीड जिल्ह्यातील. तेथील ऊसतोड बायकांपैकी १३,००० हून अधिक जणींचे गर्भाशय काढल्याचे २०१९ साली चौकशीत उघडकीस आले. कितीतरी जणी पस्तिशीच्याही आतल्या. पाळीचा खाडा परवडत नव्हता आणि त्रासाची नीट चौकशी करून दुसरा उपाय सांगणारे कोणी भेटले नव्हते. अशा वेळी बीजकोशही काढले, तर वयाआधीच, एका दिवसात पाळी जाण्याचे सारे परिणाम अंगावर कोसळतात, हाडे लवकर ठिसूळ होतात. आणि तरुणपणी असे झालेल्या बाईला हार्मोनची गरज उलट अधिक असते. हे त्यांना कोणी सांगावयाचे?

आनंदीबाईंना आपल्या गावात एकही स्त्री डॉक्टर दिसली नाही, म्हणून त्या सातासमुद्रापार गेल्या. आज कल्याण, डोंबिवली, ठाणे येथे रस्त्या-रस्त्यावर स्त्री डॉक्टरांच्या पाट्या आहेत. त्या पाट्यांखालून आपण भाजीची पिशवी घेऊन रोज जातो, आणि मुलीला, सुनेला घेऊन आतही जातो. पण स्वतःसाठी मात्र जात नाही. आनंदीबाईंची जयंती ३१ मार्चला येते. त्या दिवशी तसबिरीला हार घालण्याचा कार्यक्रम आपण करतोच. यंदापासून त्या दिवशी मंडळात एका स्त्री डॉक्टरांना बोलवावे, पुरुषमंडळींना रजा द्यावी, आणि चाळिशी उलटलेल्या प्रत्येकीने आपली शंका विचारावी. मोठ्याने विचारण्याचा संकोच वाटला तर कागदावर लिहून पेटीत टाकावी, अशी माझी सूचना आहे. पेटी मी माझ्या घरून आणीन. हळदीकुंकवाच्या वाणात एखाद्या वर्षी स्टीलची वाटी नसली तरी चालेल. त्या पैशांतून गरजू भगिनींच्या तपासणीची फी भरता येईल. कार्यकारिणीने याचा विचार करावा, व वाचक भगिनींनी आपले मत चिटणीसबाईंना अवश्य कळवावे.